शालनचं डायटिंग

टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम करणाऱ्या बाईच्या पोटात किती गोष्टी साठतात, विचारू नका. पण लोकांचं कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नाही, असा आमचा कडक नियम होता. मग बोलायचं काय? एकमेकींचं! साताऱ्याच्या आमच्या एक्सचेंजमधल्या बायकांनी हा नियम इमानेइतबारे पाळला, आणि त्यात सगळ्यात जास्त वाट्याला आली ती शालन.

शालन वडूजकडची, शेतकऱ्याची लेक. उंच, आडव्या बांध्याची, हसली की खुर्ची करकरायची. तिच्या शेजारच्या बोर्डावर मी. मी नुसती काडी, आणि पायांना जन्मजात भिंगरी, त्यामुळे बसल्या जागी कधी स्वस्थ बसले नाही. ट्रंककॉल जोडायचा, घड्याळावर नजर ठेवायची आणि मध्ये शिरून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली. पुढे बोलायचंय, की कट करू?" दिवसभर हेच एक वाक्य. फौजेतली पोरं तर काकुळतीला यायची, "ताई, एक्स्टेंड करा ना." शालन एरवी घरच्या बोलीतच बोलायची, पण हे वाक्य मात्र शुद्ध आणि असं गोड म्हणायची की कट झालेला माणूससुद्धा थँक्यू म्हणायचा.

* * *

तिच्या या आवाजावर सांगलीचा एक हळदीचा व्यापारी फार खूष होता. अडल्या वेळी तिनं त्याला लाइन मिळवून दिली होती. एकदा साताऱ्याला आला तो भडंगाचा पुडा घेऊन थेट आमच्या काउंटरवर.

"त्या गोड आवाजाच्या ताई कोणत्या?" असं विचारलं खरं, पण उत्तराला थांबतोय कुठला! आम्हा दोघींकडे एकदा पाहिलं आणि पुडा माझ्या हातात ठेवला.

शालन शांतपणे म्हणाली, "शेटजी, हळद बी अशीच वरवर बघून घेता व्हय?"

आवाज ओळखून त्याचा चेहरा हळदीसारखाच झाला. भडंग दोघींनी खाल्लं. जरा तिखट होतं.

* * *

मग एक स्थळ आलं आणि गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. दोघांचा निरोप एकच, "मुलगी अंगानं जास्त आहे." शालनच्या आईनं खापर नोकरीवर फोडलं. "बसून बसून अंग सुटलंय. आता तिसरं स्थळ मोडलं की नोकरी सोडायची आन् गावाकडं यायचं." शालनला नोकरी जिवापेक्षा प्यारी. ती घाबरली, आणि तिच्यापेक्षा मी जास्त घाबरले.

आमच्या सुपरवायझर दीक्षित बाई मासिकं वाचणाऱ्या. त्यांनी तिला डायटिंगवर घातलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी उकडलेला दुधी, रात्री काही नाही. मला मात्र हुकूम, "तू दुप्पट खा, नाहीतर तुलाही कोणी पसंत करायचं नाही."

म्हणजे हिचं जास्त आणि माझं कमी. बरोबर अंगाच्या अख्ख्या साताऱ्यात दीक्षित बाई एकट्याच असाव्यात.

पहिल्या दिवशी शालननं डबा उघडला, वास घेतला आणि झाकण परत लावलं. "आमच्या म्हशीनं बी हुंगून सोडलं आसतं," म्हणाली. पण खाल्लं. मला ते बघवेना.

* * *

उपाशी माणसाचा हात कुठं जाईल सांगता येत नाही. एका मोठ्या साहेबांना धान्याचं गोदाम जोडून द्यायचं होतं. शालननं जोडली खानावळ.

साहेब कडाडले, "धान्याची काय परिस्थिती आहे?"

खानावळवाला म्हणाला, "भात संपला सायेब. भाकऱ्या हायत, पर लवकर या."

मी घाईघाईनं कॉर्ड ओढली. दीक्षित बाईंनी पुढचा अर्धा तास फक्त कपाळ चोळलं. शालनला मी हळूच विचारलं, असं कसं झालं गं? ती म्हणाली, "नंबर डोळ्याम्होरं दिसना. भाकरीच दिसती."

* * *

नंतर एकदा तिचे वडील आले. त्यांना आबा म्हणायचे. लेकीसाठी फडक्यात भाकरी, मेथीची भाजी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. शालन म्हणाली, "आबा, मी डायटिंग करतीया."

त्यांना कळेना. दीक्षित बाईंनी समजावून सांगितलं, की कमी खायचं, म्हणजे माणूस बारीक होतं आणि छान दिसतं.

आबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवं बाई, दुष्काळात आमचं समदं गाव बारीक झालं हुतं. पर छान दिसताय म्हणाया एक बी पाव्हणा आला न्हाई."

शालननं फडकं सोडलं आणि जेवायला बसली. दोन भाकऱ्या झाल्यावर तिसरी तिनं बाजूला ठेवली.

"एवढंच खातेस?" दीक्षित बाईंनी विचारलं.

"भूक लागली की जेवायचं, भरलं की उठायचं. आमच्यात आत्या, आजी, समद्या अशाच अंगाच्या हायत."

त्या दिवसानंतर दुधी बंद झाला. पण तिसरं स्थळ यायचं होतंच, आणि माझ्या पायांची भिंगरी काही थांबेना.

* * *

पाहुणे पाटणकडचे. मुलगा फौजेत, रजेवर आलेला, मान खाली घालून बसलेला. बोलायचं काम त्याच्या आत्याकडे. शालनच्या मामाच्या घरी कार्यक्रम होता आणि तिनं मला सोबतीला नेलं होतं. "पाव्हण्यांम्होरं घास तोंडात घालायचा न्हाई," असं आईनं बजावलं होतं. शालननं सगळ्यांना पोहे दिले, स्वतःची बशी भरली आणि समोर बसून खाऊ लागली.

आत्यानं सुरुवात केली.

"पोरगी अंगानं लय हाय."

"आमचा गडी सडपातळ. जोडा शोभंल का?"

"आत्ताच आसं, तर लेकरं झाल्याव काय व्हईल?"

समोर माणूस बसलेलंच नाही, असं चाललं होतं. आई घामाघूम. मी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली. आत्या आता शालनच्या दंडांवर घसरली होती.

शालननं शेवटचा घास खाल्ला, बशी खाली ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक्सचेंजमधल्या त्याच गोड आवाजात म्हणाली,

"तीन मिनिटं झाली. पुढे बोलायचंय, की कट करू?"

आईनं डोळे मिटले. आणि तो फौजी, आल्यापासून पहिल्यांदाच, मान वर करून तिच्याकडे बघायला लागला.

"एक्स्टेंड करा," तो म्हणाला. "आत्या झाल्या बोलून. आता मी बोलतो."