साडूंची मोठी माणसं, छोटी माणसं

इंग्रजी लिपीत देवाने मोठी आणि छोटी अक्षरं केवळ माणसांची पायरी दाखवायला घातली, असं मानणारा एकच माणूस वसई तालुक्यात होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. मुंबईच्या कचेरीत टायपिंग करून करून त्यांची बोटं वाकली, मान मात्र कधी वाकली नाही. पाकिटावर फादरांचं नाव ते सबंध मोठ्या अक्षरांत टाइप करत. डॉक्टर, हेडमास्तर यांचंही तसंच. माझं फक्त पहिलं अक्षर मोठं असे, तेही सासऱ्यांच्या भिडेखातर. एकदा त्यांच्या घरचं लोणचं खारट आहे असं बोलून गेलो, तर नाताळच्या कार्डावर मी आडनावासकट छोटा झालो. "सुधारलात की वाढवू," म्हणाले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पापडी गावच्या आमच्या मंडळाला कुणीतरी जुना कॉम्प्युटर भेट दिला आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. रक्तदात्यांची माहिती त्यात भरायचं काम साडूंनी ओढून घेतलं. तिथेही तेच. मानाची माणसं मोठ्या अक्षरांत, बाकीची रक्तगटासकट छोट्या. शेजारचा बस्त्याव अर्थातच छोटा, कारण बांधावरच्या केळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. मी म्हटलं, "अहो, मोठ्या अक्षरांत शोधलं तर यंत्राला छोटी माणसं दिसायची नाहीत. दोन्ही सारखी धरायची आज्ञा असते ना?"

"असते. पण सगळ्यांना एका पंगतीला बसवायला हे काय लग्न आहे?"

आणि एका रविवारी दुपारी मेव्हणीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, इस्पितळात न्यावं लागलं. रक्त फार गेलं होतं. डॉक्टरांनी बी निगेटिव्ह मागितलं. साडू धावत मंडळात आले, मी मागोमाग. त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्या अक्षरांत गट टाइप केला. कोणीच नाही. पुन्हा केला. कोणीच नाही. एवढ्या मोठ्या माणसांत एकाचंही रक्त तिच्या कामाचं नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्यांचा रागही आला. मग साडूंनी खाली मान घालून ती आज्ञा टाइप केली. पडद्यावर एकच नाव आलं, बस्त्यावचं, सगळं छोट्या अक्षरांत.

बस्त्याव वाडीला पाणी देत होता. बांधापाशी जाऊन साडू नुसते उभे राहिले. शेवटी मीच सांगितलं. बस्त्यावने पंप बंद केला.

"केळीचं मग भांडू," तो साडूंना म्हणाला, "पयला टांगा बोलव." आणि चिखलाच्या पायांनी पुढे निघाला.

मेव्हणी वाचली. साडू सुधारले असं मात्र कोणी समजू नये. केळीचं भांडण पुढेही यथासांग चाललं, फक्त बस्त्यावला धमकीची पत्रं मोठ्या अक्षरांत जाऊ लागली.

आता साडू नाहीत. त्यांच्या क्रुसावर नाव मराठीत कोरलंय, जिथे अक्षर मोठं नाही की छोटं नाही. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. माझी बढती शेवटपर्यंत झाली नाही. नाताळात पोस्टमन कार्डं टाकून जातो, सगळी छापील, सगळ्यांत माझं नाव मोठं. तेवढ्या निगुतीने मला छोटं लिहिणारं आता कोणी उरलं नाही.