फुल्क्रांने लिंबू मागितलं

आमच्या पिने गावात फुल्क्रांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. कालवांवर कुणी लिंबू पिळताना दिसला की हा त्याच्या हातातली फोड काढून घ्यायचा आणि सरळ खाऱ्या तळ्यात भिरकावायचा. "लिंबूच पिळायचं तर माझी वाइन कशाला हवी रे? पाय धुवायला?" आणि खरंच, त्याच्या पिकपूलचा, म्हणजे या पांढऱ्या वाइनचा, पहिला घोट घेतला की ओठ आवळून येतात, पण वर एक खारट कालव गेलं की तोच आंबटपणा हवाहवासा वाटतो. मटणाबरोबर कुणी ती मागितली तर फुल्क्रां पाण्याचा तांब्या पुढे करायचा.

द्राक्षाची बाग मात्र त्याची नव्हती. ती एल्झेआरची, म्हणजे तळ्यात कालवं पिकवणाऱ्या त्याच्या लंगोटीयाराची, आणि तीही बायकोकडून आलेली. एल्झेआरला वेलीतलं ओ की ठो कळत नाही. लग्नाच्या वर्षीच तो म्हणाला होता, "तूच कर लेका. तुझे हात चालतायत तोवर बाग तुझी." कागद वगैरे काही नाही. मित्राकडे कोण कागद मागतं? त्या वेड्या फुल्क्रांने सगळं आयुष्य त्या बागेत घातलं, लग्नसुद्धा केलं नाही.

या हिवाळ्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मग बरेच दिवस तो बेझिए शहरात बहिणीकडे पडून होता. मी त्याची शेजारीण, भेटायला गेले की एकच विचारायचा, "छाटणी झाली का गं?" एल्झेआरने सांगितलं होतं, माणसं लावून करून घेतो. मीही तेच सांगत राहिले. बाग टेकाडापलीकडे, माझं तिकडे जाणं होत नाही.

छाटणी संपली की एका रविवारी तळ्याकाठी शिंपले भाजायचे, ही आमची रीत. शिंपले एल्झेआरचे, जाळायला बागेतल्या छाटलेल्या काड्या. फुल्क्रां काठी टेकत आला, काखेत स्वतःची बाटली. "उद्यापासून बागेत जातो," मला म्हणाला. चेहरा नुसता फुलला होता.

मग त्याने जाळाकडे पाहिलं. "एल्झेआर, काड्या कुठायत?"

"ही खोडं बरी रे. निखारा टिकतो."

"खोडं मटणाला लागतात. शिंपल्याला काडीचा भरकन जाळ हवा. याच्यावर त्यांचं रबर होईल."

एल्झेआरला लाकूड म्हणजे लाकूड. तो चिमटा हलवत बसला. फुल्क्रां शेजारच्या ढिगाकडे गेला, कण्हत वाकला आणि एक खोड उचललं. खोडाच्या मधोमध तारेचा वेढा रुतला होता.

"ही तार मी बांधली होती. वादळात आडवी झालेली वेल." त्याने खोड खाली ठेवलं. "किती उपटल्यास?"

"सगळ्या. जावयाला तिथे घरं बांधायचीत. तू बरा झालास की सांगणारच होतो."

"इस्पितळात संत्री घेऊन आलास, तेव्हा उपटल्या होत्यास?"

एल्झेआरने मान खाली घातली. "हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुल्क्रांचीच बाग जाळून मेल्याने त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि माझ्या तोंडून महिनाभर खोटं वदवून घेतलं होतं. मी त्याला नाही नाही ते बोलले. फुल्क्रां बाकावर जाऊन बसला. मी मघाशीच उघडलेली कालवं त्याच्यासमोर होती.

"बाटली उघड ना," एल्झेआर हळूच म्हणाला. "दरवर्षीसारखं बसू."

फुल्क्रांने बाटली त्याच्याकडे सरकवली. "तू ठेव. मटणाबरोबर पी."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिंबू आहे का गं?"

मी आणून दिलं. त्याने ते प्रत्येक कालवावर पिळलं, सगळी खाल्ली, आणि माझा खांदा धरून घरी जायला उठला.