व्हिकर आणि दोन लाल कार्डं
परवा लीड्समधल्या जिममध्ये कुणीतरी पायाला निलगिरीचं तेल चोळत होतं, आणि त्या वासासरशी मला तिथल्याच आमच्या गल्लीतल्या चर्चचे व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, आठवले. साठीला टेकलेले हे गृहस्थ रविवारी प्रवचन द्यायचे आणि शनिवारी पायाला तेच तेल चोळून, हाफपँट घालून चालण्याच्या शर्यतीत उतरायचे. त्यात दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटले की पंच लाल कार्ड देतात, आणि तीन कार्डं झाली की खेळाडू बाद. पार्कमधल्या वार्षिक शर्यतीतून व्हिकर लागोपाठ तीन वर्षं बाद झाले होते. चौथ्या वर्षी शर्यतीच्या सकाळी पार्कमध्ये त्यांना पाणी द्यायला मी उभी होते. वारा बोचरा होता, गवत ओलं होतं, आणि शेवटच्या फेरीआधीच फळ्यावर त्यांच्या नावापुढे दोन कार्डांच्या लाल खुणा होत्या. ते कंबर हलवत, झपाझप, घामाने निथळत आले. मागून एक तरुण त्यांना गाठत होता आणि पंच वाकून त्यांच्या पावलांकडेच बघत होता. माझा धीर सुटला. मी मराठीतच ओरडले, "अहो, पळा! पळा!" तरुण पुढे निघून गेला, पण व्हिकरांनी आपली चाल मोडली नाही. सगळ्यांत शेवटी रेघ ओलांडून त्यांनी दोन्ही हात उंचावले. "फिनिश केली! या वेळी बाद नाही!" मग धापा टाकत मला विचारलं, "तुम्ही काय ओरडत होता?" मी ओशाळून म्हटलं, "रन!" ते पोट धरून हसले. "थँक गॉड, मला मराठी येत नाही!" शेवटचा येऊन इतका खूश झालेला माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.