चव नोंदवहीतला गुरुवार

सातवीच्या वर्गाची आणि शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती, आणि त्या भिंतीला वरच्या अंगाला जाळीचा झरोका होता. तांदूळ धुताना, पातेलं घासताना मला पलीकडचं सगळं ऐकू यायचं. मी सहावीतून शाळा सोडलेली, हिंगोलीकडची. कुणी जबरदस्तीनं सोडवली असं नाही, घरात धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सुटली. लग्नानंतर नवऱ्याला चौक नावाच्या गावी ट्रकच्या गॅरेजात काम लागलं, आम्ही इकडं आलो, आणि पुढं खालापूर तालुक्यातल्या त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम मला मिळालं. माझी मुलगीही त्याच शाळेत चौथीत होती.

लोक म्हणायचे, दुपारपर्यंतचं तर काम, त्यात काय एवढं. मी कुणाला सांगितलं नाही, पण माझी सातवी तिथं चालली होती. रोज थोडी थोडी, कुकरच्या शिट्टीत बुडत, पण चालली होती. त्यामुळं हे काम जाईल अशी भीती मला पहिल्या दिवसापासून वाटायची. मीठ जास्त झालं तरी वाटायची आणि मोठ्या सरांनी नुसती हाक मारली तरी वाटायची.

सातवीच्या बाई तरुण होत्या, कर्जतहून स्कूटीवर यायच्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले असावेत, कारण खडूचा लांब आवाज दोनदा आला. एकात वस्तुस्थिती, म्हणजे जे तपासून बघता येतं. दुसऱ्यात मत, म्हणजे जे आपल्याला वाटतं.

"माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे. हे कुठं लिहू?"

"वस्तुस्थिती!" सगळा वर्ग.

"आणि 'माथेरान लई भारी हाय' हे?"

"मत!"

मग एक पोरगा म्हणाला, "बाई, माझा काका म्हणतो, गाड्या नायत तेच बरं."

"काका काय करतो?"

"घोडा चालवतो. माथेरानलाच."

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "म्हणजे काका खोटं बोलतो?"

पोरानं जरा विचार केला असावा. "खोटं नाय बाई. पण घोड्यावर बसून बोलतो."

बाई इतक्या हसल्या की मीही इकडं पातेलं धरून हसले. तेव्हापासून त्या वर्गात तो शब्दच पडला. बोलणाऱ्याचा कल कुणीकडं आहे, त्यात त्याचं स्वतःचं काय आहे, हे विचारायचं असलं की पोरं म्हणायची, "घोडा कुठला?" मी घरी नवऱ्यावर वापरून बघितलं. गॅरेजातल्या एका मिस्त्रीला काहीच येत नाही असं तो तावातावानं सांगत होता. मी म्हटलं, "तुमचा घोडा कुठला?" तो म्हणाला, "तू शाळेत खिचडी करतेस का वकिली?"

त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्यावरच पाळी आली.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मुलीमुळं मीही त्यात होते, एका पोराच्या आईनं लिहिलं: 'ती घाटावरची बाई मुद्दाम तिखट घालते आणि आपल्या पोरांना कमी वाढते.' लिहिणाऱ्या ताई शाळेच्या पालक समितीवर होत्या, त्यांचा मुलगा तिसरीत. खाली अंगठ्यांवर अंगठे. मी ते वाचलं तेव्हा एका हातात डाव होता. आमच्याकडं ओगराळं म्हणतात, इथं डाव. तो तसाच हातात राहिला आणि खालची फोडणी करपली.

मोठ्या सरांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "शनिवारी समितीची सभा आहे. तोवर काम चालू ठेवा."

तोवर. घरी जाईपर्यंत तो एकच शब्द मला टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. "बाई, तुमी सांगा की सभेत. तुमी तर रोज माझ्या हातचं खाता."

बाई म्हणाल्या, "सांगेन. पण मी चांगलं म्हटलं तर ते माझं मत झालं, मावशी. शिवाय तुम्ही मला रोज आल्याचा चहा देता. उद्या कुणी विचारलं, बाईंचा घोडा कुठला, तर काय सांगू?"

मला इतकं लागलं ते! मी दुसऱ्या दिवशी त्यांना चहा दिला नाही. त्यांनीही मागितला नाही.

त्याऐवजी त्यांनी सरांची परवानगी काढून ते वाक्य सातवीच्या फळ्यावर लिहिलं. झरोक्यातून मला ते शब्दाशब्दानं सोललेलं ऐकू येत होतं. घाटावरची? वस्तुस्थिती, हिंगोली नकाशात सापडली. तिखट? कुणाला लागतं, कुणाला नाही, विचारून बघू. मुद्दाम? इथं बराच गोंधळ झाला, मग कुणीतरी म्हणालं, "तिच्या मनात शिरून कुठं बघता येतंय?" कमी वाढते? हे मोजता येईल.

म्हणून तीन दिवस चार पोरं वह्या घेऊन माझ्या रांगेपाशी उभी राहिली. मला आयुष्यात कुणी एवढं निरखलेलं नाही, लग्नासाठी मला बघायला आले होते तेव्हाही नाही. ताटाऐवजी वहीवाल्या एका पोराच्या मनगटावर खिचडी पडली, तर तो म्हणाला, "मावशी, हेबी लिवायचं का?" चारातली एक पोरगी मात्र ताटांकडं बघतच नव्हती. ती पातेल्यात बघायची. दोन वेण्या, ओठात पेन्सिल, आणि नजर पातेल्यात. मला वाटलं, पोरीला भूक लागली असेल.

शनिवारी सभा सातवीच्या वर्गातच भरली. समितीचे आठ-नऊ पालक पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. मी दारापाशी. पोरं भिंतीकडेला उभी.

सुरुवात सरांनी केली. त्यांनी चव नोंदवही आणली होती. पोरांना वाढण्याआधी शाळेतल्या कुणीतरी खाऊन बघायचं आणि त्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम असतो. "ही बघा," सर म्हणाले. "रोजची नोंद. चव चांगली. चव चांगली. चव उत्तम. खाली माझी सही. आणखी काय पाहिजे?"

माझ्या जिवात जीव आला. वहीत लिहिलेलं म्हणजे झालंच, असं मला वाटायचं.

दोन वेण्यांच्या पोरीनं हात वर केला. "सर, गुरवारी पण लिवलंय."

"मग?"

"गुरवारी तुमचा उपास असतो. तुमी केळी खाता."

पालकांतून आधी एक खोकला आला, मग हसू फुटलं. सरांचे कान लाल झाले. "अगं, मी वास घेऊन लिहितो."

"मग 'वास चांगला' लिवायचं ना, सर."

सर स्वतःच हसले शेवटी. वही मिटून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. चूक माझी." सगळे हसत होते. मी नाही. माझा एकुलता एक साक्षीदार केळी खाताना सापडला होता.

पोरं पुढं वाचू लागली. मसाला धान्याबरोबर पाकिटातून येतो, मावशी चमच्यानं मोजून घालतात, आम्ही बघितलं. तिसरीतल्या पोरांना विचारलं: काहींना तिखट लागतं, काहींना नाय लागत, एकाला जेवायच्या आधीपासूनच लागतं. मग घोडेवाल्याचा पुतण्या पुढं सरकला. "बाई, अजून एक. ह्या ताईंची जाऊ आधी इथं जेवण करायला होती. म्हणून यांनी..."

ताईंचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "जाऊ होती, हे तुला माहीत आहे. 'म्हणून'च्या पुढचं तू पाहिलंस?"

"नाय."

"मग तिथंच थांब."

खरं सांगते, त्या पोराचं वाक्य पुरं व्हावं असं मला फार वाटत होतं. बाईंनी ते तोडलं तेव्हा राग आला. पण ताईंनी बाईंकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी पाहिली. त्यानंतर त्या सावरून बसल्या आणि पोरांचं नीट ऐकू लागल्या.

आता वाढण्याचं. दोन वेण्यांची पोरगी वही न बघताच बोलली. "सगळ्यांना दोन डाव. कुणाला कमी नाय, जास्त नाय. पण डाव सारखा जात नाय. डोंगरावरच्या वाडीतली पोरं आली की मावशी तळातून काढते. तिथं मटकी, वाटाणा, बटाटा सगळा असतो. बाकीच्यांना वरनं. पातळ."

माझ्या पायाखालची फरशी हलली. खोटं आहे म्हणणार होते, आणि तेवढ्यात माझा उजवा हात मला आठवला. मनगट कसं वळतं, डाव कसा खाली जातो. मी ठरवून कधी केलं नव्हतं. पण हात रोज करत होता.

"कामून म्हणजे..." मी बोलायला लागले. 'का'च्या जागी माझ्या तोंडून येणाऱ्या 'कामून'चं पोरांना हसू यायचं, त्या दिवशी कुणी हसलं नाही. "ती लेकरं एवढी टेकडी उतरून येतात. उपाशी असतात बिचारी. म्हणून हात खाली जात असेल."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "उपाशी असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी लहानपणी शाळेत उपाशी जायची. टेकडी उतरून येणारं पोर बघितलं की मला तीच मी दिसायची.

भिंतीकडेला वाडीवरची एक सातवीतली मुलगी होती. ती म्हणाली, "आमी भाकर खाऊन येतो. सकाळी. आई खाल्ल्याबिगर सोडतच नाय. आन मला मटकी आवडत नाय." शेजारणीकडं बोट केलं. "मी हिला देते. रोज."

"अगं मग सांगायचं की मला!"

"तुमी लई पटकन घालता, मावशी. ताट मागं घ्यायला वेळ कुठं भेटतो?"

आता मात्र सगळी सभा हसली, आणि मीही रडता रडता हसले. आठ महिने मी त्या पोरीवर माया करत होते, आणि ती माया शेजारीण खात होती.

ताई उठल्या. "म्हंजे माझ्या पोराला पातळ मिळत हुतं, हे खरं की नाय?"

"खरं," बाई म्हणाल्या.

त्या माझ्याकडं वळल्या. "मुद्दाम करत हुतीस?"

"मुद्दाम नव्हतं, ताई. पण करत होते."

ताई सरांना म्हणाल्या, "हिला काढायचं का ठेवायचं, मी आज सांगत नाय. आठ दिवस मी येते जेवायला. पोरांबरोबर बसते. मग बोलते."

घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझाच घोडा सापडला." मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही, पण तो बरोबर होता.

सोमवारी ताई अकरालाच येऊन बसल्या. मी प्रत्येक डावाआधी पातेलं तळापासून ढवळायला लागले होते. खांदा भरून यायचा, रांग लांबायची, पोरं ओरडायची, "मावशी, खीर करतेस का?" ताईंनी पहिला घास घेतला, सू सू केलं, पाणी प्यायल्या आणि ताट विसळून गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मसाल्याचा चमचा उचलून बघितला. "एवढाच?"

"एवढाच."

चौथ्या दिवशी बटाटे सोलू लागल्या, मी सांगितलं नसताना. "तुमच्याकडं काय करतात गं खिचडीत?" मी सांगितलं. आमची गावाकडची माणसं, ज्वारी, हुरडा, सगळंच सांगत बसले. त्यांनी त्यांच्या जावेचं सांगितलं. काम गेल्यावर ती किती दिवस घराबाहेर पडली नव्हती ते. त्याचा आणि ग्रुपवरच्या त्या ओळीचा संबंध होता की नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी त्या आठ दिवसांत बाईंना पुन्हा चहा देऊ लागले. पहिल्या दिवशी कप ठेवला तर त्या म्हणाल्या, "हा कशाबद्दल?"

"काही नाही. आलं उरलं होतं."

आठव्या दिवशी ताई जेवून उठल्या नाहीत. पोरं हात धुवायला पळाली तरी पंगतीत बसून राहिल्या. मी पातेल्याजवळ उभी. आभाराचे चार शब्द मी आठवडाभर पाठ केले होते, आणि वेळ वाईट आली तर बोलायचे दुसरे चार.

"मला तिखट लागतं," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी लागलं, आजबी लागलं. पण ते मला लागतं. माझं पोरगं दोनदा घेतं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सरांना तसंच सांगते. तू राहा."

पाठ केलेले सगळे शब्द कुठं गेले कोण जाणे. तोंडातून एवढंच निघालं, "ताई, अजून वाढू?"

त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला आणि ताट पुढं केलं.