खांबातला आवाज

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या खांबांना भेगा दिसल्या, म्हणून सोसायटीनं तपासणीला माणूस बोलावला. पन्नाशीचा, बार्शीकडचा. दारात चपला काढून, यंत्र पोटाशी धरून आत आला. खांबाच्या दोन बाजूंना ग्रीस लावायचा, त्यावर दोन गोल डब्या दाबायचा आणि यंत्रावरचा आकडा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

"ह्या डबीतला आवाज त्या डबीत लवकर पोचला तर खांब भरीव," तो म्हणाला. "उशीर लागला तर आत काय तरी गडबड हाय."

आईच्या खाटेजवळच्या खांबाला त्यानं पाच वेळा डब्या लावल्या. मग स्वतःच्या रुमालानं तिथलं ग्रीस पुसलं. बाकी कुठल्याच खांबाचं पुसलं नव्हतं.

"कसा आहे हा?"

"रिपोर्टात येईल की."

मला रागच आला. सांगायला काय जातं याचं?

चपला घालून तो तीन पायऱ्या उतरला आणि थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आईंची खाट तितनं हलवा. आजच."

खाट हलवली. रिपोर्ट अजून आलेला नाही. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, की आता मीही त्याच्यासारखा श्वास रोखून धरतो.