नूरबीने ऐकलेली टकटक

गुलजारमिस्त्री आपल्या जुन्या मोटारीतून मलकापूर स्टेशनावरचे उतारू बुलढाण्याला न्यायचा. पण राजूरच्या घाटाच्या चढावर मागच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचेनासं व्हायचं. रिकामी मोटार कशीबशी वर न्यावी लागायची आणि उतारूंना उरलेला घाट पायी चढावा लागायचा. हळूहळू लोक त्याच्या मोटारीत बसेनासे झाले.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्याला भंगारात विजेवर चालणारा पेट्रोलचा पंप मिळाला. तो त्याने मागे टाकीजवळ बसवला आणि चावीपासून तिथपर्यंत तार ओढली. त्याच्या बायकोने, नूरबीने, तारेवर मेणकापडाची पट्टी गुंडाळून दिली. पंप चालू झाला की टकटक वाजतो, हे त्याला ठाऊक होतं. पण वर्षानुवर्षं घण मारून त्याला बारीक आवाज ऐकू येत नसत.

चावी फिरवून त्याने विचारलं, "वाजते का?"

"नाई," पंपाला कान लावून नूरबी म्हणाली.

गुलजारने मोटारीखाली शिरून पाहिलं. पंपाची दुसरी तार मोटारीच्या सांगाड्याच्या रंगावरच आवळली गेली होती, त्यामुळे वीज अडत होती. त्याने तिथला रंग खरवडला आणि ती उघड्या लोखंडावर घट्ट बसवली.

"आता वाजून राह्यला," नूरबी हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मोटारीत मागे बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या मोटारीत बसत होती. घाटाच्या प्रत्येक वळणावर ती मोठ्याने सांगायची, "वाजते, वाजते." मोटार कुठेच अडली नाही. वर पोचल्यावर गुलजारने, पायी येणाऱ्या उतारूंसाठी थांबायच्या सवयीने, ब्रेक दाबला.

"काऊन थांबले तुमी?" नूरबी म्हणाली. "बजारापर्यंत चाला. लोकायले दिसू द्या."