जिलबीची परात

"मास्तर, रिकामं भांडं परत देऊ नये," असं म्हणत शेजारचे दादा आमच्या वाटीत मूठभर मिरच्या टाकायचे. घरून खीर पाठवली की वाटी त्यांच्या मळ्यातून भरूनच यायची. असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. नदीकाठी वांगी पिकवणाऱ्या या माणसाचं मात्र ते व्रतच होतं.

सत्याग्रहाचे दिवस होते. बाजाराजवळच्या दारूच्या गुत्त्यापुढे स्वयंसेवक दारूबंदीसाठी उभे राहत, पोलीस येत, आणि भाजीचं गिऱ्हाईक पळे. ही निदर्शनं बंद व्हावीत म्हणून मळेवाल्यांची सभा निघाली. अध्यक्ष आमचे दादाच. जुना कोट घालून ते निघाले की मी विचारायचो, "काय अध्यक्ष, वांगी कशी दिली?" ते मनापासून खूश व्हायचे.

"ही गरिबांची सभा हाय, मास्तर. कोणाच्या बापाची नाय."

सभेला सतरंज्या यायच्या, परातभर जिलबी यायची. "लोकांनीच दिली," सभेचे चिटणीस सांगत. एकदा सभा संपल्यावर दादांनी परात घासली, वांग्यांनी भरली आणि मला बरोबर घेतलं. "राहू द्या, माणूस येईल न्यायला," म्हणून चिटणिसांनी अडवून पाहिलं. हे कसले ऐकतात! आम्ही सतरंज्या परत नेणाऱ्या बैलगाडीमागून चालत निघालो.

गाडी त्याच गुत्त्याच्या ठेकेदाराच्या वखारीशी थांबली. "शेठचीच परात," तिथला गडी म्हणाला. "तुमच्या सभेला सगळं हितनंच जातं की."

दादांनी एकेक वांगं उचलून उपरण्यात बांधलं आणि परात रिकामी ठेवली.

"दादा, मागणी तर तुमचीच होती ना?" मी वाटेत म्हणालो.

"व्हती. पण तोंड माझं व्हतं का त्याचं, हे आता मला कसं कळायचं?"

पुढच्या सभेत त्यांनी सगळं सांगून टाकलं. "जिलबी गुत्तेवाल्याची खाल्ली आपण. आता ज्याला बसायचं त्यानं आपलं पोतं आणावं." निम्मे लोक उठून गेले. चिटणीस तर सगळ्यांत आधी. उरलेल्यांनी आपली भाजीची पोती आणून अंथरली आणि गुत्त्याचा विषय सोडून पाटाच्या पाण्यावरून कडाकडा भांडले. त्या दिवशी दादा प्रथमच अध्यक्षासारखे दिसले.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. मळ्यात घरं उठली. सभा अजून भरते. खुर्च्या देऊ करणारे पुष्कळ येतात, पण मंडळी काखोटीला पोतं मारूनच येतात. कारण नव्यांना ठाऊक नाही.

परवा मी सहज डोकावलो, तर दारातल्या अनोळखी माणसाने विचारलं, "बाबा, तुमचं पोतं?"